वाचकांचे प्रश्न : ज्वालामुखीच्या अंगाखांद्यावर सायकल

मागच्या अंकात मी ओघात लिहून गेले होते की ज्वालामुखीवरच्या रस्त्यांचा स्वभाव इतर डोंगरांसारखा नसतो, आणि विषय तिथेच सोडून दिला होता. झालं, पत्रं आणि मेल मिळून एवढे प्रश्न आले की हा अख्खा कॉलम त्यातच गेला. सारखे प्रश्न एकत्र केलेत, काही कापून छोटे केलेत, रागावू नका.

प्रश्न : ताई, मी ७-८ टक्क्यांचे (१०० मीटर पुढे गेलं की ७-८ मीटर वर) घाट बऱ्यापैकी चढतो, वर्षभर चालूच असतं. मग ज्वालामुखीवरचा चढ त्याहून वेगळा असा काय असणार? चढ तो चढच ना?

पाय काही खडकाची जात विचारत नाहीत, तिथपर्यंत तुमचं बरोबरच आहे. पण घाट म्हणजे काय, तर रस्त्याला पलीकडे जायचं असतं, तो खिंड शोधत शोधत जातो, मध्ये एखादी सपाटी येते, कुठे थोडा उतार लागतो, पाय मोकळे होतात. ज्वालामुखी बहुतेक वेळा एकटाच उभा असतो, आणि रस्ता पलीकडे जायला नाही तर त्याच्या अंगावर चढायला म्हणूनच बांधलेला असतो. त्यामुळे डोंगर कुठल्या आकाराचा आहे त्यावर तुमचा दिवस कसा जाणार ते ठरतं. उंचीचा आकडा त्यानंतर बघायचा, आणि आपण सगळे नेमकं उलटं करतो.

एक आकार म्हणजे पालथं ताट. पातळ लाव्हा लांबवर वाहत गेला की असा पसरट डोंगर होतो. हवाईतला हालेआकाला असा आहे, समुद्रकिनाऱ्यापासून माथ्यापर्यंत सुमारे ५८ किलोमीटर, माथा ३,०५५ मीटरवर, आणि सरासरी चढ ५ टक्क्यांच्या जेमतेम वर. ऐकून वाटतं हे तर काहीच नाही! तिथे त्रास चढाचा नसतोच, तो संपत नाही याचा असतो, तासामागून तास तोच गिअर, तोच वेग, कंबर आणि मान पायांच्या आधी बोलायला लागतात.

दुसरा आकार फुजीचा, म्हणजे लहान मुलीच्या परकराचा घेर डोळ्यासमोर आणा, खाली पसरलेला आणि कमरेकडे जाईल तसा उभा होत जाणारा. असल्या डोंगरावर सरासरी टक्केवारी धादांत फसवते, कारण खालच्या ३ टक्क्यांच्या मजेने वरच्या १० टक्क्यांची सजा झाकून टाकलेली असते, आणि आपण खाली ताजेतवाने असताना उगाच जोरात जातो. अर्थात रस्ता बांधणाऱ्याने काय केलंय तेही बघायला लागतं. त्याच फुजीवर सुबारू लाईन नावाचा रस्ता २४ किलोमीटर तिरका तिरका जात साधारण ५ टक्क्यांनी चढतो, आणि अझामी लाईन नावाचा दुसरा सुमारे ११ किलोमीटरमध्येच काम उरकतो, सरासरी १० टक्क्यांच्या आसपास. डोंगर एकच, पण पहिल्यावर हौशी लोक हजारोंनी शर्यत करतात आणि दुसऱ्याचं नाव काढलं की चांगले चांगले गप्प होतात.

तिसरा आकार मला सगळ्यात भीतीदायक वाटतो, घुमट. लाव्हा इतका घट्ट की वाहतच नाही, तोंडाशीच साचून फुगून राहतो. फ्रान्सच्या मध्यभागातला पुय द दोम असा आहे, १,४६५ मीटर फक्त, पण शेवटचे ४ किलोमीटर ११-१२ टक्क्यांचे आणि रस्ता गोगलगायीच्या शंखासारखा डोंगराला गुंडाळत वर जातो. आता इथे एक बारीक गोष्ट आहे जी नकाशावर दिसत नाही. नेहमीच्या घाटात हेअरपिन वळण आलं की बाहेरच्या कडेने गेल्यावर चढ सेकंदभर सैल होतो, तेवढ्यात आपण एक श्वास चोरतो. गुंडाळलेल्या रस्त्याला वळणच नाही, म्हणजे एकच वळण आहे आणि ते माथ्यावर संपतं. चोरायला श्वासच नाही. १९६४ च्या टूर द फ्रान्समध्ये आंकेतिल आणि पुलिदोर हे दोन फ्रेंच सायकलपटू याच चढावर खांद्याला खांदा घासत गेले होते, आंकेतिलचा आघाडीचा पिवळा जर्सी शेवटी १४ सेकंदांनी वाचला, तो फोटो सायकलवाल्यांपैकी जवळजवळ प्रत्येकाने बघितलेला असतो. नंतर १९८८ पासून टूर तिकडे फिरकलीच नाही, २०२३ मध्ये ३५ वर्षांनी परत गेली आणि कॅनडाचा मायकल वुड्स जिंकला. तुम्ही आम्ही मात्र एरवी तिथे सायकल नेऊ शकत नाही, २०१२ पासून त्या मार्गावर दातेरी रुळांची छोटी रेल्वे चालते. तेव्हा खालूनच बघायचं आणि पायथ्याच्या रस्त्यांवर फिरायचं, ते रस्तेही कमी नाहीत.

आणि एक चौथा आकार, ज्याला आपण ज्वालामुखी म्हणतच नाही, म्हणजे लाव्हाचे थर एकावर एक बसून झालेलं पठार. डेक्कन ट्रॅप मधला ‘ट्रॅप’ हा शब्द जिन्यासाठीच्या स्वीडिश शब्दावरून आलाय, ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वीच्या आसपासचा हा जिना आहे. इथे चढही जिन्यासारखाच येतो, एक कडा, मग सपाटी, मग परत कडा. पाय मोकळे होतात पण लय जमत नाही. ज्यांना लय लागते त्यांनी ताट निवडावं, ज्यांना कंटाळा लवकर येतो त्यांनी जिना.

प्रश्न : आम्हाला माथ्यावर जायचंच नाहीये, पायथ्याने गोल फेरी मारायची आहे. ती तरी सपाट असेल ना?

नाही हो! हा गैरसमज इतका सार्वत्रिक आहे की मी पण एकदा त्यात अडकले होते.

ज्वालामुखी म्हातारा झाला की पाणी त्याला मध्यापासून बाहेर चिरत जातं, छत्रीच्या काड्या जशा दांड्यापासून सगळीकडे जातात तशा दऱ्या होतात. तुम्ही गोल फिरताय म्हणजे प्रत्येक काडी आडवी ओलांडताय, दरीत उतरा, पूल, परत चढा, सोंड ओलांडा, परत उतरा. फ्रान्समधलाच कांताल हा याचा पाठ्यपुस्तकातला नमुना, युरोपातला सगळ्यात मोठा विझलेला ज्वालामुखी, आता त्याचा डोंगर असा उरलाच नाही, मध्याभोवती पुय मारीसारखी काही शिखरं आणि बाहेर जाणाऱ्या दऱ्या एवढंच दिसतं. तिथे पा द पेरोल नावाची खिंड आहे साधारण १,५९० मीटरवर, एका बाजूने शेवटचे दोनेक किलोमीटर १२ टक्क्यांच्या वर जातात, आणि हिवाळ्यात बर्फामुळे रस्ता बंद. कांतालमध्ये मला विचाराल तर दरीतून आत जावं, खिंड गाठावी आणि दुसऱ्या दरीतून बाहेर यावं. काडीच्या बाजूने गेलात तर छत्री चांगली वागते.

तरुण ज्वालामुखीला अजून अशा चिरा पडलेल्या नसतात म्हणून इटलीतल्या एटनाभोवतीची फेरी त्या मानाने सरळ आहे, पण ‘त्या मानाने’ हे शब्द लक्षात ठेवा. ती एका दिवसात उरकायची तर पाय तयार हवेत.

खरंच सपाट हवं असेल तर जर्मनीत आयफेल भागात जा. तिथे मार नावाची गोल गोल तळी आहेत, वर येणाऱ्या तप्त लाव्हाची जमिनीखालच्या पाण्याशी गाठ पडली, स्फोट झाला, खड्डा पडला आणि खड्ड्यात पुढे पाणी भरलं. गाडीरस्त्याने गेलात तर प्रत्येक तळ्यापाशी उतरायचं आणि वाटीतून बाहेर यावं तसं चढायचं. पण डाउन ते बेर्नकास्टेल-कूस अशी जुन्या रेल्वेमार्गावर केलेली सायकल वाट आहे, साधारण ५८ किलोमीटर, डांबरी, मध्ये बोगदे आणि उंच पूल. वाफेच्या इंजिनाला जेवढा चढ झेपायचा तेवढाच तिथे आहे, आणि डाउनकडून निघालात तर एकूण जाणं मोझेल नदीकडे म्हणजे खालच्या बाजूलाच. घरातल्या मोठ्या माणसांना घेऊन जायला याहून चांगला रस्ता माझ्या माहितीत नाही.

प्रश्न : वय ५२, वजन ७५, सायकल पुढे ५०-३४ आणि मागे ११-२८. क्लबातली पोरं म्हणतात काका कॅसेट बदला. बदलू का?

पोरं बरोबर बोलतायत, मागच्या चाकावरचा दातेरी चकत्यांचा संच, म्हणजे कॅसेट, बदला.

का ते सांगते, हिशोब सोपा आहे. पुढे ३४ आणि मागे ३४ दात असले की पॅडलच्या एका फेऱ्यात चाकाचा एकच फेरा, म्हणजे साधारण २.१ मीटर. मिनिटाला ७० फेरे मारलेत तर ताशी ९ किलोमीटरच्या जरा आत. आता ८ टक्के चढावर तुमचे ७५ आणि सायकल-बाटल्या धरून १० किलो, एकूण ८५ किलो, ताशी ९ ने वर न्यायला फक्त गुरुत्वाकर्षणासाठी १६५ वॅटच्या आसपास लागतात, टायरचं घासणं वगैरे धरून १८० म्हणा. हे ५२ व्या वर्षी सराव असेल तर तासभर जमण्यासारखं आहे. मागे २८ असेल तर तेच ७० फेरे मारायला वेग ताशी पावणेअकरा लागतो, म्हणजे वॅट २१० च्या पुढे. मग काय होतं, तेवढी ताकद नसते म्हणून फेरे ५०-५५ वर येतात, प्रत्येक पॅडल दाबून दाबून मारायला लागतं आणि गुडघे संध्याकाळी हिशोब मागतात.

साध्या घाटात हे खपून जातं कारण घाट पाऊण तासात संपतो. ज्वालामुखीवर तीन तास, चार तास चढ चालू राहतो, तिथे कमी पडलेला एक गिअर दर मिनिटाला आठवतो. ११-३४ घाला, तुमचा मागचा डिरेलर (चेन एका चकतीवरून दुसरीवर ढकलणारा भाग) तेवढी मोठी चकती घेतो का ते मेकॅनिककडून आधी बघून घ्या, आणि चेनची लांबी पण. पोरांना सांगा काकांनी ऐकलं.

प्रश्न : काळ्या राखेचे आणि खडीचे रस्ते फोटोत भारी दिसतात. टायर कुठले लावावेत? सायकलला त्याचा त्रास होतो का?

फोटोत भारीच दिसतात, आणि गुडघ्यात गेल्यावर तीन आठवडे निघत नाहीत.

माझीच गोष्ट सांगते. एटनाच्या दक्षिणेकडून रिफुजो सापिएन्झापर्यंत, म्हणजे सुमारे १,९०० मीटरवर रस्ता जातो, तिथून मी खाली येत होते. रस्ता स्वच्छ, डांबर चांगलं, ऊन लख्ख, मागे कोणी नाही. एका उजव्या वळणाला आतल्या बाजूला कडेवरून घरंगळलेली काळी बारीक खडी पडलेली, आपल्या मुरमासारखी पण हलकी, सच्छिद्र, हातात घेतली तर वजनच लागत नाही. डांबरही काळं, खडीही काळी, दिसली तेव्हा मी तिच्यावरच होते. पुढचं चाक असं गेलं जसं कोणी खालून सतरंजी ओढली. साबुदाण्यावर पाय पडल्यासारखं. नशीब वेग कमी होता, कोपर आणि गुडघा सोलवटला, हँडलबार टेप फाटली, चूक सर्वस्वी माझी. तेव्हापासून एक नियम केलाय, काळ्या रस्त्यावर वळणाच्या आतल्या बाजूचा मोह धरायचा नाही, मधून घ्यायचं, आणि ब्रेक वळणाच्या आधी संपवायचा.

टायर २८ मिलिमीटर रुंद तरी असू दे, ३० किंवा ३२ बसत असेल तर तेच लावा, हवा नेहमीपेक्षा थोडी कमी. ताज्या लाव्हाच्या कडा काचेसारख्या धारदार असतात, म्हणून फोटोसाठी सायकल रस्ता सोडून लाव्हात नेऊ नका, बाजू फाटलेल्या टायरला पॅच लागत नाही.

राखेचं अजून वेगळं. नावाला राख, पण ती चुलीतल्या राखेसारखी मऊ नसते, खडकाचे आणि काचेचे बारीक कण असतात ते, पाण्यात विरघळत नाहीत. चेनला तेल ओलं असेल तर ते कण चिकटून चेन म्हणजे पॉलिश पेपर होतो, दोन दिवसात कॅसेटचा आवाज बदलतो. मेणाचं कोरडं ल्युब वापरा. आणि फ्रेम फडक्याने पुसू नका, आधी भरपूर पाणी ओता, नाहीतर रंगावर रेघा. रिम ब्रेक असेल तर रोज ब्रेकचे रबर काढून त्यात रुतलेले कण टोकदार काहीतरीने काढा, नाहीतर रिम खरवडली जाते. डोळ्याला चष्मा हवाच, कॉन्टॅक्ट लेन्स असेल त्यांनी तर नक्कीच.

एटना जेव्हा जोरात राख टाकतो तेव्हा खालच्या गावांमध्ये दुचाकींना थेट बंदी घालतात आणि गाड्यांना वेगमर्यादा लावतात, सायकलही त्या दुचाकीतच येते. असा आदेश निघाला की हॉटेलवाल्याशी वाद न घालता तो दिवस विश्रांतीचा समजायचा.

प्रश्न : पाणी किती न्यावं? मी तर दर ओढ्यावर बाटली भरत जाणारा माणूस.

मग तुमची पंचाईत आहे. तरुण ज्वालामुखीवर ओढे जवळजवळ नसतातच. लाव्हाला भेगा आणि छिद्रं, वरचं पाणी खाली झिरपून जातं आणि पार पायथ्याला झऱ्याने बाहेर येतं, म्हणून गावं पण खालीच जास्त दिसतात. वर झाड नाही, सावली नाही, काळा दगड उन्हात तापून खालून पण भाजतो. पायथ्याच्या शेवटच्या वस्तीत दोन्ही बाटल्या भरायच्या आणि तिसरी जर्सीच्या खिशात. माथ्यावर मिळेल म्हणून गृहीत धरू नका, वरचं दुकान बंद असण्याचा दिवस नेमका आपलाच असतो.

जुना, झिजलेला, हिरवा झालेला ज्वालामुखी असेल तर हे काहीच लागू नाही, तिथे पाणीच पाणी.

प्रश्न : तेनेरिफेला प्रोफेशनल टीम उंचीवर सराव करायला जातात म्हणे. आम्ही चार मित्र जायचं म्हणतोय. खालून थेट वर एका दिवसात जाणं बरोबर आहे का? श्वासाचा त्रास होतो का? कपडे काय?

तेनेरिफे हे स्पेनचं बेट आणि तेइदे हा त्यावरचा ज्वालामुखी. तो ३,७१५ मीटर आहे, पण रस्ता माथ्यावर जात नाही, तो आतल्या मोठ्या कढईत जातो, म्हणजे जुना डोंगर खचून झालेला लास कान्यादासचा खोलगट भाग, २,००० ते २,३०० मीटरच्या दरम्यान. टीम तिथेच वरच्या हॉटेलात मुक्काम करतात, झोपायचं वर आणि कसून सराव करायला बरेचदा खाली उतरायचं. २,००० मीटरवर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या ७८-८० टक्के असतो. आजारी वगैरे सहसा पडत नाही, पण खाली जो वेग सहज होता तो वर मागितला की दम लागतो आणि माणूस उगाच घाबरतो की मला काय झालं. काही झालेलं नसतं, हवा पातळ आहे. हार्ट रेट बघून चढा, वेग बघू नका.

कपड्यांचं मात्र नीट ऐका. हजार मीटर वर गेलं की तापमान साधारण साडेसहा अंशांनी उतरतं. किनाऱ्यावर २६ असेल तर वर १२-१३, आणि उतारावर ताशी ४५ चा वारा अंगावर. शिवाय तेनेरिफेच्या उत्तरेच्या बाजूला व्यापारी वाऱ्यांनी आणलेले ढग मधल्या उंचीवर पट्ट्यासारखे अडकलेले असतात, तुम्ही उन्हातून निघता, ढगात शिरता, चष्म्यावर पाणी, हातावर काटा, समोरचं दहा मीटर दिसत नाही, आणि मग पाइनच्या झाडीतून एका वळणाला एकदम वर येता तर निळं आकाश आणि खाली कापूस पिंजून टाकलेला. ती गंमत आहेच. पण परत येताना तोच ढग घामाने भिजलेल्या अंगाने उतरताना लागतो, बोटं इतकी गारठतात की ब्रेक दाबला की नाही ते कळत नाही. पातळ विंडचीटर, पूर्ण बोटांचे हातमोजे, आणि कोरडी बनियन प्लास्टिकच्या पिशवीत. माझा मित्र छातीला वर्तमानपत्र लावायचा, जुना उपाय आहे, अजून चालतो.

आणि तुमच्यापैकी एकाने पुढे हवाईतल्या माउना केआचं पण विचारलंय, ४,२०५ मीटर. तिथे मी कोणाला पाठवणार नाही. २,८०० मीटरवर माहिती केंद्र आहे, तिथपर्यंत जाऊन या, पुष्कळ झालं. त्यावर खडीचा कच्चा रस्ता, भयानक उभा, आणि माथ्यावर हवेचा दाब ६० टक्क्यांवर आलेला. समुद्रावरून एका दिवसात तिथे जाणं म्हणजे डोकं दुखणं, मळमळ आणि त्याहून वाईट प्रकाराला आमंत्रण.

प्रश्न : माझे पती जोरात चालवतात, मी हळू. दर ट्रिपला शेवट भांडणात. ई-बाईक भाड्याने घेतली तर २,००० मीटर चढेल का?

भांडणाचं आधी बघू कारण ते सोपं आहे! गोल फेरी ठरवूच नका. गोल फेरीत अर्ध्यावर कंटाळा आला तरी पुढे जाण्यावाचून इलाज नसतो, आणि तिथेच वाजतं. ज्वालामुखीवर गेलं त्याच रस्त्याने परत यायचं, एक वेळ ठरवायची, समजा साडेबारा, साडेबारा वाजले की जो जिथे असेल तिथून वळायचं. ते वरून येतील, तुम्ही खालून गेलेल्या असाल, उतारावर गाठ पडेल. कोणी कोणासाठी थांबलेलं नाही, कोणी कोणाला ओढलेलं नाही.

ई-बाईक घ्या, पण बॅटरीचा हिशोब घालून घ्या. तुम्ही आणि ती जड सायकल मिळून ९० किलो धरू, २,००० मीटर वर न्यायला नुसत्या उंचीसाठी सुमारे ४९० वॉट-तास लागतात. सरसकट मिळणारी बॅटरी ५०० ची, आणि मोटर त्यातला बराच भाग उष्णतेत घालवते. म्हणजे फुल टर्बोवर बसून राहिलात तर माथा यायच्या खूप आधी बॅटरी संपणार आणि मग ती २३-२४ किलोची सायकल आणि तुम्ही. इको मोडवर ठेवून निम्मं काम पायांनी केलंत तर आरामात चढते. उतारावर बहुतेक ई-बाईकची बॅटरी परत चार्ज होत नाही, त्या आशेवर राहू नका.

प्रश्न : चढायची हौस नाही. गाडीने वर जाऊन नुसता उतार मारला तर?

हालेआकालावर याचा मोठा धंदाच होता, पहाटे सूर्योदय दाखवायचा आणि मग सायकलवर बसवून खाली सोडायचं. अपघात झाले, माणसं गेली, आणि २००७ मध्ये तिथल्या राष्ट्रीय उद्यानाच्या हद्दीत अशा टूर बंद केल्या, आता त्या हद्दीच्या खालून सुरू होतात.

माझं म्हणणं असं की जो चढून गेलाय त्याला रस्ता माहीत असतो, कुठलं वळण घट्ट, कुठे खडी, कुठे वारा बाजूने मारतो. गाडीतून गेलेल्याला यातलं काही माहीत नसतं. शिवाय ब्रेकचं गणित. ८५ किलो वजन २,००० मीटर खाली आणताना जेवढी ऊर्जा बाहेर पडते त्यात पाच लिटर पाणी उकळीला येईल. वेगात असाल तर त्यातली बरीचशी हवा खाऊन टाकते. पण घाबरून, ब्रेक सतत दाबून, हळूहळू उतरलात तर जवळजवळ सगळी रिममध्ये किंवा डिस्कमध्ये जाते, ट्यूब फुटते, डिस्कचे पॅड चकाकून गुळगुळीत होतात आणि ब्रेक लागेनासा होतो. म्हणजे जो जास्त घाबरतो त्याचे ब्रेक आधी जातात, अन्याय आहे पण असं आहे. सरळ पट्ट्यात सोडून द्या, वळणाआधी दोन्ही ब्रेक जोरात आणि थोडा वेळ, मग परत सोडा. जमत नसेल तर थांबा, दहा मिनिटं बसा, डिस्कला बोट लावून बघायचा मोह टाळा.

प्रश्न : जागता ज्वालामुखी असेल तर सायकलवर जाणं धोक्याचं नाही का? आईला कसं पटवू?

आईला पटवणं माझ्या हातात नाही. पण स्फोटात सापडण्यापेक्षा उतारावरच्या गाडीची किंवा वळणावरच्या खडीची शक्यता कितीतरी जास्त, हे तिला सांगून बघा, कदाचित अजून काळजी करेल.

खरा त्रास वायूचा. गंधकाचा वास असलेली हवा चढावर खोल खोल आत ओढली जाते, दमा असेल तर वाऱ्याच्या खालच्या बाजूचा रस्ता धरू नका, दम्याचा पंप खिशात हवा. रोज सकाळी तिथल्या वेधशाळेची सूचना बघायची आणि बंद रस्ता म्हणजे बंद, अडथळ्याच्या बाजूने सायकल उचलून नेणारे असतात, त्यांच्यामागे जाऊ नका. लान्झारोते या स्पेनच्याच बेटावर तिमानफायाने १७३० ते १७३६ अशी सहा वर्षं आग ओकली होती, आता शांत आहे, तरी आतल्या भागात उद्यानाच्या बसनेच नेतात. मात्र उद्यानातून जाणारा सार्वजनिक रस्ता सायकलला खुला आहे, आणि तो काळ्या लाव्हाच्या मधून जाणारा पट्टा चढाला अगदी माफक आहे. तिथे चढाऐवजी वारा असतो. तो वारा काय चीज आहे ते जाऊन आल्यावर लिहा.

प्रश्न : फार सांगू नका, पहिल्यांदा जातोय, एकच नाव द्या.

तेइदे, दक्षिणेकडून. पण किनाऱ्यावरून नाही, सायकल गाडीत टाकून विलाफ्लोर गावापर्यंत न्या, ते १,४०० मीटरवर आहे, तिथून पाइनच्या झाडीतून वर कढईत जा, आत जेवढं फिरावंसं वाटेल तेवढं फिरा आणि त्याच रस्त्याने परत. किनाऱ्यावरून पूर्ण चढ पुढच्या वेळी. बाटल्या विलाफ्लोरलाच भरा.